वर्षाला २० लाख डॉलर घेणारा ७० कोटींचा खेळाडू

डिसेंबर २०२३ मध्ये दहा दिवसांच्या अंतरानं दोन बातम्या आल्या. ९ तारखेला जपानचा बेसबॉलपटू शोहेई ओहतानी यानं लॉस एंजेलिस डॉजर्सकडून दहा वर्षं खेळायचा ७० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. तेव्हाच्या दरानं हे सुमारे ५,८०० कोटी रुपये होतात. १९ तारखेला दुबईत आयपीएलचा लिलाव झाला आणि कोलकात्यानं मिचेल स्टार्कवर २४ कोटी ७५ लाखांची बोली लावली. आपल्याकडे चर्चा अर्थातच स्टार्कची झाली.

गंमत अशी की ओहतानीला या करारातून खेळत असेपर्यंत दरवर्षी मिळणार आहेत फक्त २० लाख डॉलर, म्हणजे साडेसोळा कोटी रुपयांच्या आसपास. दोन महिन्यांच्या आयपीएलसाठी स्टार्कवर लागलेली बोली त्याहून मोठी होती. ओहतानीचे उरलेले ६८ कोटी डॉलर २०३४ ते २०४३ या काळात मिळायचे आहेत, तेही बिनव्याजी.

जगातला सगळ्यात मोठा मानला जाणारा खेळाडू असं का करतो? त्याला हिशोब कळत नाही, की संघानं त्याला गुंडाळलं, की दोघांनी मिळून तिसऱ्यालाच टोपी घातली? उत्तरासाठी त्याची पूर्ण कारकीर्द पाहावी लागते. कारण अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये कुणाला किती पैसे मिळणार हे त्याच्या खेळावर ठरतं त्याहून जास्त कॅलेंडरवर ठरतं: वय किती, किती वर्षं खेळला, किती दिवस संघाच्या यादीत होता. ओहतानीला या कॅलेंडरनं आधी चांगलंच नाडलं होतं.

तो नेमकं काय वेगळं करतो?

क्रिकेट पाहणाऱ्याला एवढं पुरे: चेंडू फेकणारा तो पिचर आणि फटके मारणारा तो बॅटर. चेंडू हवेतून थेट कुंपणाबाहेर गेला की होमरन. बॅटरच्या नावावर तीन स्ट्राइक लागले की तो बाद, त्याला स्ट्राइकआउट म्हणतात. क्रिकेटमध्ये अकराव्या क्रमांकाच्या गोलंदाजालाही बॅट घेऊन उतरावंच लागतं. बेसबॉलमध्ये मात्र हे दोन वेगळे पेशेच झाले आहेत. सामन्याची सुरुवात करणारा पिचर ९०-१०० चेंडू जीव तोडून फेकतो आणि मग चार-पाच दिवस हाताला विश्रांती देतो. बॅटर जवळजवळ रोज खेळतो, आणि साखळी हंगाम असतो १६२ सामन्यांचा. पिचरच्या बदल्यात फक्त फलंदाजी करणारा एक खेळाडू ठेवण्याची सोयही नियमातच आहे. त्याला डेझिग्नेटेड हिटर म्हणतात.

ओहतानी दोन्ही करतो, आणि दोन्हीत अव्वल आहे. त्याच्याआधी या पातळीवर हे गंभीरपणे करणारा म्हणून बेब रूथचं नाव घेतात, तेही १९१८-१९ मधलं. रूथनं पुढे पिचिंग जवळपास सोडूनच दिलं. २०२१ मध्ये ओहतानीनं ४६ होमरन मारले आणि पिचर म्हणून १५६ स्ट्राइकआउट घेतले. पुढच्याच वर्षी लीगनं नियम बदलला: सुरुवातीचा पिचर पिचिंग थांबवल्यावरही फलंदाज म्हणून सामन्यात राहू शकतो. नियम सगळ्यांसाठी होता, पण लोक त्याला ओहतानीचा नियम म्हणूनच ओळखतात.

१७ ऑक्टोबर २०२५ ला मिलवॉकीविरुद्धच्या बाद फेरीत त्यानं सहा डाव पिचिंग करून दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याच सामन्यात तीन होमरन मारले. एकाच माणसानं एका संध्याकाळी हे करावं, यापुढे आकडेवारीचं कौतुक करायला फारसं उरत नाही.

ओशूचा मुलगा

ओहतानीचा जन्म ५ जुलै १९९४ चा, जपानच्या उत्तरेकडच्या इवाते प्रांतातला. गाव ओशू. वडील मोटारींच्या कारखान्यात नोकरी करायचे आणि कंपनीच्या संघाकडून बेसबॉल खेळलेले, आई बॅडमिंटन खेळलेली. हानामाकी हिगाशी या शाळेत असताना त्यानं एक तक्ता बनवला होता, जो पुढे जपानभर गाजला. कागदावर ८१ चौकोन. मधल्या चौकोनात ध्येय: आठ संघांनी मला पहिली पसंती द्यावी. भोवती त्यासाठी लागणाऱ्या आठ गोष्टी, आणि प्रत्येकीभोवती आणखी आठ. त्यातली एक गोष्ट होती ‘नशीब’. नशीब कमावायला काय करायचं, तर पडलेला कचरा उचलायचा, खोली साफ ठेवायची, पंचांशी नीट वागायचं. व्यक्तिमत्त्व विकासवाल्यांनी या तक्त्याचं पुढे जे केलं ते सोडून द्या. पण अमेरिकेतल्या मैदानावर चालता चालता वाकून कचरा उचलणारा ओहतानी कॅमेऱ्यांनी अनेकदा टिपला आहे.

२०१२ मध्ये शाळेत असतानाच त्यानं ताशी १६० किलोमीटरचा चेंडू फेकला आणि सांगून टाकलं की आपण जपानमध्ये न खेळता थेट अमेरिकेला जाणार. तरीही होक्काइदोच्या निप्पॉन-हॅम फायटर्स संघानं त्याला निवडलं आणि त्याच्यासमोर कागदपत्रांचा एक गठ्ठाच ठेवला. त्यांचा मुद्दा साधा होता: शाळेतून थेट अमेरिकेला गेलेली मुलं तिथल्या खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं अडकतात. शिवाय एक आमिष असं होतं जे तेव्हा अमेरिकेतून मिळणं कठीण होतं: आम्ही तुला पिचर आणि बॅटर दोन्ही म्हणून खेळवू. तो थांबला. २०१६ मध्ये त्यानं १६५ किलोमीटरचा चेंडू टाकला, संघ जपानचा विजेता झाला आणि तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सगळेच खेळाडू कोट्यधीश असतात का?

फायटर्सनी घातलेली भीती खोटी नव्हती. अमेरिकेत मेजर लीगचे, म्हणजे सगळ्यात वरच्या स्पर्धेचे, ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या खेळत्या यादीत २६ जागा. म्हणजे एका वेळी ७८० जण. दरवर्षीच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, २० फेऱ्या असतात. सहाशेच्या घरात नवी मुलं तिथूनच येतात. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला अशा देशांतली मुलं सोळाव्या वर्षापासून करारबद्ध होतात ती वेगळी. ही सगळी मायनर लीगच्या पायऱ्यांवर उभी असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. छोटी शहरं, बसचा रात्रभर प्रवास, आणि बहुतेकांच्या नशिबी वरची पायरी कधी येतच नाही.

या मुलांचे पगार कित्येक वर्षं लाजिरवाणे होते. २०२२ मध्ये त्यांना खेळाडूंच्या संघटनेत घेतलं गेलं आणि २०२३ मध्ये पहिला सामूहिक करार झाला. तेव्हा कुठे ट्रिपल-एचा वर्षाचा किमान पगार १७,५०० वरून ३५,८०० डॉलरवर गेला. अमेरिकेतल्या राहणीमानात हे जेमतेमच. त्याच वेळी एक पायरी वर, मेजर लीगमध्ये, २०२५ चा किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता, म्हणजे दिवसाला चार हजारांच्या वर. वरच्या संघात कुणाचा तरी स्नायू दुखावला म्हणून चार दिवस बोलावणं आलं, तरी खालच्या खेळाडूचं सगळं वर्ष बदलतं. मेजर लीगमध्ये ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्कही लागू होतो. म्हणून तिथले खेळाडू दिवस मोजतात. आणि संघही मोजतात, पण वेगळ्या कारणानं.

दिवस कोण आणि कशाला मोजतं?

मेजर लीगमधला खेळाडू पहिली सहा वर्षं दुसऱ्या संघाकडे आपल्या मर्जीनं जाऊ शकत नाही. इथे वर्ष म्हणजे यादीतले १७२ दिवस. याला सर्व्हिस टाइम म्हणतात. सहा वर्षं भरली की तो फ्री एजंट होतो आणि कुणाशीही बोलणी करू शकतो.

पहिली साधारण तीन वर्षं पगार किमान रकमेच्या आसपास राहतो, मग खेळाडू कितीही गाजो. पुढची तीन वर्षं लवादाची. संघ एक आकडा मांडतो, खेळाडू दुसरा, आणि लवादाला त्या दोनपैकी एकच निवडावा लागतो, मधला काढता येत नाही. त्यामुळे फार ताणायची सोय दोघांनाही नसते, आणि बहुतेक वेळा सुनावणीआधीच तडजोड होते.

यातून संघांना काय युक्ती सुचली ते पाहा. २०१५ मध्ये शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट हा तरुण खेळाडू सराव सामन्यांत धडाधड होमरन मारत होता. संघानं त्याला हंगामाच्या सुरुवातीला खालच्या लीगमध्येच ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. हंगाम संपला तेव्हा त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी! कब्जचं म्हणणं होतं की त्याच्या क्षेत्ररक्षणावर काम करायचं होतं. ब्रायंटनं तक्रार केली, ती काही वर्षं रेंगाळली आणि २०२० मध्ये तो हरला. एका दिवसासाठी त्याची मोकळीक एक पूर्ण वर्ष लांबली. नियमाला धरून होतं, पण याला लबाडी म्हणायला मला तरी संकोच वाटत नाही.

ही वेठबिगारी नाही का?

असा प्रश्न पडणं साहजिक आहे, आणि तो खेळाडूंनाही पडला होता. १९७५ पर्यंत तर सहा वर्षांचीही मर्यादा नव्हती. एकदा सही केली की संघ करार वर्षानुवर्षं आपल्याच बाजूनं वाढवत राहायचा. खेळाडू विकला जाऊ शकत होता, पण स्वतःहून जाऊ शकत नव्हता. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सनं बारा वर्षं आपल्याकडे खेळलेल्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. फ्लडनं जायला नकार दिला आणि लीगच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं की मी काही खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ असा निकाल त्याच्या विरोधात लागला. त्याची कारकीर्द तोवर संपली होती.

तीन वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात लवादानं खेळाडूंच्या बाजूनं कौल दिला आणि जुनी पद्धत कोसळली. त्यानंतर मालक आणि मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखालची संघटना यांच्यात बोलणी होऊन सहा वर्षांचा आकडा ठरला. म्हणजे आज अन्याय्य वाटणारी ही अट मुळात खेळाडूंनी झगडून मिळवलेली आहे. संघटनेलाही सगळे एकदम मोकळे व्हायला नको होते. बाजारात एका वेळी थोडेच खेळाडू असले तर त्यांचा भाव चढतो, हे मिलर यांना बरोबर कळत होतं.

दोन वर्षं थांबला असता तर?

आता ओहतानीकडे. डिसेंबर २०१७ मध्ये तो अमेरिकेला गेला, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. आदल्या वर्षीच नियम बदलला होता. परदेशातून येणारा खेळाडू २५ पेक्षा लहान असेल, तर त्याला नवशिक्या मुलांसाठी राखलेल्या मर्यादित निधीतूनच सही-बोनस द्यायचा. ओहतानीला एंजल्स संघाकडून मिळाले २३ लाख १५ हजार डॉलर आणि वर किमान पगार. त्याला सोडल्याबद्दल जपानी संघाला मात्र २ कोटी डॉलर मिळाले.

याच जपानमधून २०१४ च्या सुरुवातीला मासाहिरो तानाका न्यूयॉर्क यांकीजकडे गेला होता, तो सात वर्षांच्या साडेपंधरा कोटी डॉलरच्या करारावर. तेव्हा हा नियम नव्हता. ओहतानी पंचविशीपर्यंत थांबला असता तर त्यालाही तसा करार मिळण्याचा रस्ता मोकळा होता. त्यानं थांबायचं नाकारलं. पैशापेक्षा दोन वर्षं आधी पोचणं त्याला मोलाचं वाटलं असावं, दुसरा अर्थ लावता येत नाही. पुढे २०२३ चा करार बघताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण तोंडावर आलेला पैसा लांबवण्याची ही त्याची पहिली वेळ नव्हती.

एंजल्सकडच्या सहा वर्षांत त्याला सगळं मिळून सुमारे ४ कोटी २० लाख डॉलर मिळाले, आणि त्यातले ३ कोटी एकट्या शेवटच्या वर्षाचे. २०२१ मध्ये तो एकमतानं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याचा पगार होता ३० लाख. त्याच संघातल्या माइक ट्राउटचा करार होता १२ वर्षांचा, ४२ कोटी ६५ लाखांचा. दोघंही असूनसुद्धा त्या सहा वर्षांत एंजल्स एकदाही बाद फेरीत पोचले नाहीत. ‘मला जिंकायचंय’ असं ओहतानी नंतर वारंवार का म्हणत राहिला, ते यावरून समजतं.

मधे कोपर आलं

पिचरचा हात ताशी दीडशे-एकशे साठच्या वेगानं चेंडू सोडतो तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर भयंकर ताण येतो. तो फाटला की शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायुबंध काढून तिथे बसवतात. ही शस्त्रक्रिया १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली, आणि तिला आजही त्या रुग्णाचंच नाव आहे. जॉन परत आला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. त्याआधी अशी दुखापत म्हणजे कारकिर्दीचा शेवट होता.

पुन्हा पिचिंग करायला साधारण एक ते दीड वर्ष लागतं. ओहतानीची पहिली शस्त्रक्रिया ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये तेच कोपर पुन्हा दुखावलं आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली. म्हणजे जगातला सर्वांत मोठा करार मिळाला तेव्हा पुढचं पूर्ण वर्ष हा पिचिंग करणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. २०२४ मध्ये तो फक्त फलंदाजी करत राहिला आणि एका हंगामात ५४ होमरन मारून ५९ बेस चोरले (बेस चोरणं म्हणजे फटका लागायची वाट न पाहता धावून पुढचा टप्पा गाठणं). पन्नास-पन्नासचा टप्पा त्याआधी कुणीच गाठला नव्हता.

७० कोटी म्हणजे खरे किती?

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा घरचं उदाहरण घेतो. समजा, सांगलीत एका काकांनी आपलं घर ७० लाखांना विकलं. घेणारा म्हणाला, ‘काका, २ लाख आत्ता घ्या, उरलेले ६८ लाख दहा वर्षांनी देतो. व्याज नाही.’ काकांनी घर किती लाखांना विकलं? कागदावर ७०. पण बँकेत ७ टक्के व्याज मिळत असेल, तर आज साडेचौतीस लाखांची ठेव ठेवली की दहा वर्षांनी तिचे ६८ लाख होतात. म्हणजे घेणाऱ्याला घर पडलं साडेछत्तीस लाखांना. व्याजदर कमी धरला तर हा आकडा वाढतो. पण ७० काही होत नाही.

ओहतानीचं तसंच आहे. वर्षाचे ७ कोटी डॉलर, त्यातले २० लाख लगेच आणि ६ कोटी ८० लाख दहा वर्षांनी. लीगनं ४.४३ टक्के दर धरून हिशोब केला, आणि वर्षाची खरी किंमत निघाली सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर. दहा वर्षांचे ४६ कोटी. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोतोनं न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा साडेशहात्तर कोटींचा करार केला, त्यातला एक डॉलरही लांबणीवर टाकलेला नाही. दोन्ही बातम्यांत ‘विक्रमी’ हा शब्द होता. पण आजच्या मोलात पाहिलं तर सोतोचा करार कितीतरी मोठा आहे.

पगार लांबवणं ही नवी गोष्ट नाही. मेट्सनं बॉबी बोनिया या खेळाडूचे ५९ लाख डॉलर २००० मध्ये देण्याऐवजी पुढे ढकलले. ८ टक्के व्याज लावून २०११ ते २०३५ दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर द्यायचं ठरलं. तेव्हा मेट्सच्या मालकांचा पैसा बर्नी मॅडॉफ या पुढे महाघोटाळेबाज निघालेल्या माणसाकडे गुंतवलेला होता आणि तिथे याहून जास्त परतावा मिळतोय असं त्यांना वाटत होतं. मॅडॉफचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. बोनियाला व्याज मिळालं, ओहतानीनं ते मागितलंच नाही, हा दोघांतला फरक.

मग संघाला यात काय मिळालं?

आयपीएलमध्ये संघाच्या खर्चाला ठरलेली थैली असते, त्यापुढे जाताच येत नाही. मेजर लीगमध्ये अशी भिंत नाही. तिथे एक रेषा आहे (२०२४ मध्ये ती २३ कोटी ७० लाख डॉलरवर होती), आणि ती ओलांडली की वरच्या रकमेवर दंड भरायचा. याला लक्झरी टॅक्स म्हणतात. दरवर्षी ओलांडत राहिलात तर दर चढत जातो, आणि फारच वर गेलात तर एका डॉलरला एक डॉलरहून जास्त दंड बसतो.

या हिशोबात ओहतानीचे धरले जातात ४ कोटी ६० लाख, ७ कोटी नाहीत. शिवाय रोख जातात फक्त २० लाख, त्यामुळे इतरांना द्यायला पैसा हातात राहतो. त्याच महिन्यात डॉजर्सनी योशिनोबू यामामोतो या जपानी पिचरशी १२ वर्षांचा साडेबत्तीस कोटींचा करार केला. २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन विश्वविजेतेपदं संघाला मिळाली. दुसऱ्या वर्षीच्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम ठरला तो यामामोतो. पैसे लांबवण्याची कल्पना ओहतानीच्याच बाजूनं आली होती, असं त्याच्या एजंटनं सांगितलं आहे. बदल्यात त्यानं करारात एक कलमही घालून घेतलं: मालक मार्क वॉल्टर किंवा संघाचे प्रमुख अँड्र्यू फ्रीडमन यांच्यापैकी कुणी गेलं, तर आपल्याला करार सोडता येईल. ज्यांच्या भरवशावर पैसा मागे ठेवला ती माणसं जागेवर राहावीत, एवढीच अट.

ही सरळ पळवाट नाही का?

ओरड तशीच झाली. मला ती अर्धीच पटते. दंड ४ कोटी ६० लाखांवर लावला, कारण मोल खरंच तेवढं आहे. रोख ७ कोटी वर्षाला कुणी दिलेच नसते. डॉजर्स दंडातून सुटले असंही नाही. एकट्या २०२४ साठी त्यांनी दहा कोटी डॉलरहून जास्त दंड भरला. लांबवलेला पैसा ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणून सोडताही येत नाही, कारण त्याची आजच्या मोलाची रक्कम ठरावीक मुदतीत बाजूला काढून ठेवावी लागते. ओहतानीसाठी ती वर्षाला साधारण ४ कोटी ४० लाख आहे. मग उरली अर्धी तक्रार: हे करणं परवडतं कुणाला? आत्ता २० लाखांत भागवू शकणारा खेळाडू आणि त्याला हव्या त्या माणसांनी भरलेला संघ, दोन्ही एकाच शहरात. पिट्सबर्ग किंवा मायामीसारख्या कमी पैशाच्या संघांना ही सोय कागदावर आहे, व्यवहारात नाही.

२० लाखांत भागतं, कारण जाहिराती. न्यू बॅलन्स, सेइको, जपान एअरलाइन्स अशी ही यादी आहे, आणि जाहिरातींतून त्याला वर्षाला पगाराच्या कितीतरी पट पैसे मिळतात. पैसा सांभाळण्यात मात्र तो भोळा निघाला. त्याचा दुभाषा इप्पेई मिझुहारा यानं जुगार खेळण्यासाठी त्याच्या बँक खात्यातून जवळजवळ १ कोटी ७० लाख डॉलर काढले आणि ते २०२४ मध्ये उघड झालं. मिझुहारानं गुन्हा कबूल केला, त्याला ५७ महिन्यांची शिक्षा झाली.

आणि कर? कॅलिफोर्नियाचा वरचा आयकर १३ टक्क्यांहून जास्त आहे. १९९६ च्या एका संघीय कायद्यानुसार, जुन्या कामाचे पैसे किमान दहा वर्षं समान हप्त्यांत मिळत असतील, तर ते घेताना माणूस जिथे राहत असेल तेच राज्य त्यावर कर लावू शकतं. ओहतानीचे हप्ते बरोबर दहा वर्षांचे आहेत, पहिला त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास. तोवर त्यानं कॅलिफोर्निया सोडलं असेल, तर राज्याचे ९ कोटी डॉलरच्या आसपास बुडतात (गुणाकार माझा). राज्याच्या वित्त नियंत्रक मलिया कोहेन यांनी जानेवारी २०२४ मध्ये संसदेकडे हा कायदा बदलण्याची मागणीही केली. पण तो जपानला परतला, तर तिथला वरचा दर ५५ टक्क्यांपर्यंत जातो. करासाठीच हे सगळं केलं असेल तर राज्याचा आयकर नसलेल्या फ्लोरिडात म्हातारपण काढायची तयारी हवी.

पुढे काय?

मालक आणि खेळाडू यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. डॉजर्सचा खर्च दाखवून काही मालक आयपीएलसारखी पक्की मर्यादा मागत आहेत, आणि संघटनेचा तिला ठाम विरोध आहे. याच मुद्द्यावर १९९४ मध्ये संप झाला होता आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिकाच, रद्द झाली. २०२१-२२ मध्ये मालकांनी ९९ दिवस टाळं लावलं होतं.

भांडणात नाव ओहतानीचं घेतलं जातं, पण पणाला लागतात ते यादीतले शेवटचे चार-पाच जण. किमान पगार किती, तीन वर्षांनी लवाद की दोन, सहा वर्षांची अट राहणार की नाही, आणि १७१ दिवसांवर अडवलेल्या पोराला दाद कुठे मागता येईल: हे सगळं त्याच करारात लिहिलेलं असतं, आणि त्या डिसेंबरनंतर ते सगळं पुन्हा नव्यानं ठरवायला लागणार आहे.